आधी ‘बरोबर’, मग ‘एलएन’ : लॉग परताव्यासाठी बीए टू प्लस कितपत कामाचा?

टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सचा बीए टू प्लस आपल्याकडे बहुतेक जण एकाच कारणासाठी घेतात, ते म्हणजे सीएफएची (चार्टर्ड फायनान्शियल अ‍ॅनालिस्ट) परीक्षा. त्या परीक्षेच्या हॉलमध्ये कॅल्क्युलेटरच्या दोनच घराण्यांना प्रवेश आहे, एक हा आणि दुसरा एचपीचा ट्वेल्व्ह-सी. परीक्षा झाली की यंत्र ड्रॉवरमध्ये जातं, नाहीतर पुढच्या बॅचमधल्या कुणाच्या तरी गळ्यात. त्यावर एनपीव्ही, आयआरआर आणि बाँडची गणितं कशी करायची याचे धडे जागोजागी सापडतात, त्यामुळे ते सगळं इथे सोडून दिलंय. पारख एकाच कामावर केली आहे : सतत चक्रवाढीने परतावा काढणं, बाजाराच्या भाषेत ‘लॉग रिटर्न’.

हिशोब छोटा आहे. शेवटच्या किमतीला सुरुवातीच्या किमतीने भागायचं आणि जे गुणोत्तर येईल त्याचा नैसर्गिक लॉगॅरिदम घ्यायचा. १०० चे वर्षात १०५ झाले तर साधा परतावा ५ टक्के, लॉग परतावा ४.८८ टक्के. व्याज वर्षातून एकदा न जमा होता क्षणाक्षणाला मुद्दलात मिसळत राहिलं असतं, तर ४.८८ टक्के दरानेही १०० चे १०५ झाले असते, इतकाच त्याचा अर्थ. आपल्याकडची कुठलीही बँक असं व्याज देत नाही, एफडी सहसा तिमाही चक्रवाढीवरच चालते. पण ऑप्शनची किंमत, व्होलॅटिलिटी (भाव किती हेलकावतो त्याचं माप), एनएसई रोज प्रसिद्ध करते ती चढउतारांची फाइल, या सगळ्यांची भाषा लॉग परताव्याचीच आहे. कारण काळाच्या ओळीत हे आकडे सरळ बेरजेने जोडता येतात.

बटणं अशी : १०५, भागिले, १००, बरोबर, एलएन. एलएन, म्हणजे नैसर्गिक लॉगॅरिदमचं बटण, डावीकडच्या उभ्या रांगेत, सातच्या शेजारी आहे. उत्तर ०.०४८७९०१६. उलट जायचं तर हा आकडा पडद्यावर असतानाच सेकंड (बटणाचं दुसरं काम चालू करणारं बटण) आणि एलएन दाबायचं (तिथे ‘ई’चा, म्हणजे नैसर्गिक लॉगॅरिदमच्या पायाचा, घात आहे), मग वजा १, बरोबर. ०.०५ परत मिळतो.

आता ते ‘बरोबर’. या यंत्रावर एलएन पडद्यावर दिसणाऱ्या आकड्याला लागतो, आधी काय भागायला घेतलंय याच्याशी त्याला देणंघेणं नाही. १०५ भागिले १०० करून थेट एलएन दाबलं तर तो १०० चा लॉग घेतो, ४.६०५, आणि पुढे ‘बरोबर’ दाबल्यावर १०५ ला त्याने भागून २२.८० दाखवतो. २२.८० बघून कुणीही सावध होईल. खरा घात होतो तो लहान आकड्यांवर. एखाद्या म्युच्युअल फंडाची एनएव्ही १२ वरून १२.६० झाली असं धरा. ‘बरोबर’ विसरलात तर उत्तर येतं ५.०७. साधा परतावा ५ टक्के आहे हे डोक्यात असतंच, त्यामुळे ५.०७ टक्के अगदी पटण्यासारखं वाटतं. प्रत्यक्षात तो १२.६० भागिले २.४८४९ आहे, परताव्याशी त्याचा काडीचाही संबंध नाही. ओळखायची खूण एकच : किंमत वाढलेली असो वा घटलेली, लॉग परतावा साध्या परताव्यापेक्षा नेहमी खालीच असतो. वर आला की बटणं चुकली. भागाकार कंसात घालून मग एलएन दाबलं तरी चालतं, पण त्यात बटणं वाढतात आणि फायदा काही नाही.

नवा सेट हातात आला की पहिलं काम दशांशाचं. तो येतो दोन दशांश स्थळांवर, म्हणजे ०.०४८८ ला तो ०.०५ म्हणून दाखवतो. आतमध्ये १३ अंक शाबूत असतात, पण आपण पडद्यावरचं वहीत उतरवतो आणि तिथेच नुकसान होतं. सेकंड, फॉरमॅट (दशांश टिंबाच्या बटणावर), ९, एंटर. त्याच यादीत खालचा बाण दाबत गेलं की तारखेची पद्धत येते, अमेरिकन किंवा युरोपीय. आपल्याला दिवस आधी लिहायची सवय, म्हणून सेकंड आणि सेट दाबून युरोपीय करून ठेवावी. त्याखाली स्वल्पविरामाची पद्धत. इथे मात्र लाख-कोटीची सोय नाही. १,००,००० हा आकडा १००,००० असाच दिसणार, आणि मोठ्या रकमा वाचताना डोळा अडखळणार.

यादीच्या शेवटी ‘चेन’ आणि ‘एओएस’ हा पर्याय आहे. कारखान्यातून तो चेनवर येतो, म्हणजे गणित डावीकडून उजवीकडे जसं टाकलं तसं सोडवतो, गुणाकार-भागाकाराला आधीचा मान देत नाही; एओएस देतो. ७ टक्क्यांच्या तिमाही एफडीचा सतत चक्रवाढीचा दर काढताना हे आडवं येतं. १ अधिक ०.०७ भागिले ४ असं टाकलं तर चेनमध्ये ०.२६७५ येतं, हवं असतं १.०१७५. ०.०७ भागिले ४ अधिक १ बरोबर, एलएन, गुणिले ४, बरोबर, असा क्रम ठेवला तर दोन्ही पद्धतींत उत्तर सारखंच : ०.०६९४, म्हणजे ६.९४ टक्के. परीक्षा देणाऱ्यांनी एकच पद्धत ठरवून शेवटपर्यंत तीच ठेवावी. अधूनमधून बदलण्यासारखा दुसरा धोका नाही.

यंत्राचा खरा कस लागतो तो सलग वर्षांच्या आकड्यांवर. सेन्सेक्सचे आर्थिक वर्षअखेरचे बंद भाव घेऊ, मार्च २०१९ पासून :

२०१९ : ३८,६७२.९१
२०२० : २९,४६८.४९
२०२१ : ४९,५०९.१५
२०२२ : ५८,५६८.५१
२०२३ : ५८,९९१.५२
२०२४ : ७३,६५१.३५
२०२५ : ७७,४१४.९२

सेकंड, डेटा (सातच्या बटणावर), आणि लगेच सेकंड, क्लिअर वर्क. ही पायरी गाळली तर मागच्या वेळचे आकडे शेपटासारखे मागे राहतात आणि सरासरी गुपचूप बिघडते. यंत्र बंद करून चालू केलं तरी ते पुसले जात नाहीत. मग पहिल्या ‘एक्स’च्या जागी थेट गणितच टाकायचं : २९४६८.४९ भागिले ३८६७२.९१ बरोबर, एलएन, एंटर. खालचा बाण दोनदा. मधली ‘वाय’ची जागा म्हणजे तो आकडा किती वेळा मोजायचा ते, ती आपोआप १ असते, तिला हात लावायचा नाही. पुढच्या ‘एक्स’ला पुढचं वर्ष. वर्कशीटच्या आत बसून असा हिशोब करता येतो, आधी कागदावर उतरवून मग पुन्हा टाइप करावा लागत नाही, ही या यंत्राची सगळ्यात गोड गोष्ट.

सहा आकडे असे येतात : उणे ०.२७१८, ०.५१८८, ०.१६८०, ०.००७२, ०.२२१९, ०.०४९८. (कोविडच्या वर्षाचा लॉग परतावा आणि ‘ई’ या संख्येचे पहिले चार अंक सारखे निघावेत, हा निव्वळ योगायोग. पण विसरायला होत नाही.)

मग सेकंड, स्टॅट (आठच्या बटणावर). वर ‘लिन’ दिसत असेल तर सेकंड-सेट दाबत राहायचं, ‘१-व्ही’ (एकाच चलाचा हिशोब) येईपर्यंत. खालच्या बाणाने पहिल्यांदा आकड्यांची संख्या दिसते. ती ६ आहे का ते पाहायचं, नसेल तर तिथेच थांबायचं. पुढे सरासरी ०.११५६७, नमुन्याचं प्रमाण विचलन (स्टँडर्ड डेव्हिएशन) ०.२६१९, समष्टीचं ०.२३९०, आणि मग बेरीज ०.६९४०. व्होलॅटिलिटी म्हणून नमुन्याचं विचलन घ्यायचं, ‘एस-एक्स’ नावाचं. त्याच्या खालीच समष्टीचा सिग्मा आहे आणि घाईत तोच उचलला जातो. सहाच आकडे असताना फरक दोन टक्क्यांहून जास्त पडतो.

आता बेरजेकडे नीट बघा. ०.६९४० चा ‘ई’ घात घेतला की २.००१८. सहा वर्षांत सेन्सेक्स जेमतेम दुप्पट झाला, लाभांश सोडून. पडताळणी एका भागाकाराची आहे, ७७,४१४.९२ भागिले ३८,६७२.९१. मधली पाचही वर्षं एकमेकांत खोडली जातात, उरतो फक्त शेवट आणि सुरुवात. हीच बेरीज साध्या परताव्यांची करा : उणे २३.८०, ६८.०१, १८.३०, ०.७२, २४.८५, ५.११. सरासरी १५.५३ टक्के. या दराने सहा वर्षं चक्रवाढ केली तर सेन्सेक्स ९२ हजारांच्या आसपास असायला हवा होता. लॉगची सरासरी ११.५७ टक्के, तिला वार्षिक चक्रवाढीत उलटवलं की १२.२६ टक्के, आणि हाच खरा सीएजीआर, म्हणजे वार्षिक चक्रवाढ वाढीचा दर. जाहिरातीत ‘सरासरी वार्षिक परतावा’ असा शब्द दिसला की हा फरक आठवावा.

एक पथ्य मात्र पाळायला हवं. लॉग परतावे काळाच्या दिशेने जोडता येतात, पोर्टफोलिओच्या आडव्या दिशेने नाही. निम्मे पैसे ५० टक्के वाढलेल्या शेअरमध्ये आणि निम्मे ५० टक्के पडलेल्या शेअरमध्ये असतील, तर पोर्टफोलिओ जिथल्या तिथे आहे. पण लॉगची सरासरी काढली तर ०.४०५५ आणि उणे ०.६९३१ मिळून उणे ०.१४३८ येते, म्हणजे नसलेला तोटा. आधी रुपयांत पोर्टफोलिओची किंमत काढा, मग तिचा लॉग घ्या. दुसरं, भाव बोनस आणि स्प्लिटसाठी सुधारलेलेच घ्यावेत. ऑक्टोबर २०२४ मध्ये रिलायन्सने एकास एक बोनस दिला. त्या तारखेच्या अलीकडचा-पलीकडचा कच्चा भाव घेतला तर एका दिवसाचा परतावा उणे ०.६९ च्या आसपास निघतो आणि वर्षाची सगळी व्होलॅटिलिटी त्या एका दिवसाच्या पायाशी जाऊन बसते. यंत्र तक्रार करणार नाही.

बीए टू प्लसची जी बटणं सगळ्यात जास्त वापरली जातात, म्हणजे वर्षं, व्याजदर, आजची किंमत, हप्ता, भविष्यातली किंमत यांची पाच बटणांची ओळ, तिला सतत चक्रवाढ ठाऊकच नाही. तिथला दर ठरावीक हप्त्यांनी चक्रवाढ होणारा आहे. १२ टक्के सतत चक्रवाढीचा दर आहे म्हणून व्याजदराच्या जागी १२ टाकले तर भविष्यातली किंमत कमी येणार. आधी ०.१२, सेकंड-एलएन, वजा १, बरोबर, गुणिले १००, बरोबर, आणि आलेला १२.७४९७ हा आकडा त्या जागी. त्या वेळी वर्षातून किती वेळा चक्रवाढ ही सेटिंग १ वर असायला हवी, नाहीतर पुन्हा गोंधळ.

दर बदलण्यासाठी दोनच्या बटणावर ‘आयकॉन्व्ह’ नावाचं वर्कशीट आहे. नाममात्र दर १२, वर्षातून १२ वेळा : १२.६८२५. ३६५ वेळा : १२.७४७५. ‘अनंत वेळा’ टाकायची सोय नाही, आणि काही जण म्हणून तिथे नऊ-नऊ-नऊ भरत बसतात. त्याची गरज नाही. रोजच्या चक्रवाढीत आणि सतत चक्रवाढीत एका लाखावर वर्षाला सव्वादोन रुपयांचा फरक आहे. व्यवहारात ३६५ पुरे, परीक्षेत ‘ई’चं बटण वापरा.

तारखांचं वर्कशीट एकच्या बटणावर. युरोपीय पद्धतीत २९ मार्च २०१९ म्हणजे २९.०३१९ आणि २८ मार्च २०२५ म्हणजे २८.०३२५. मधले दिवस काढायला तिसऱ्या ओळीवर जाऊन सीपीटी (उत्तर काढायचं बटण) : २१९१. त्यामुळे वरचा दर काटेकोरपणे ०.६९४० गुणिले ३६५ भागिले २१९१, म्हणजे ११.५६ टक्के. सहा वर्षांच्या हिशोबात शतांशाचा फरक पडला, पण चार महिन्यांच्या गुंतवणुकीत ‘साधारण एक तृतीयांश वर्ष’ धरलं तर तो चांगलाच जाणवतो.

‘एरर २’ दिसला तर घाबरायचं कारण नाही. ऋण संख्येचा किंवा शून्याचा लॉग मागितलाय, एवढंच. सहसा असं होतं की गुंतवलेली रक्कम आधीच्या गणितातून ऋण चिन्हासकट परत बोलावलेली असते, कारण त्या पाच बटणांच्या ओळीत खिशातून गेलेला पैसा उणे धरतात. सीई-सी दाबा, चिन्ह बदला, पुन्हा करा.

आता मर्यादा. डेटाच्या वर्कशीटमध्ये ५० आकडे मावतात. महिन्याचे भाव घेतले तर चार वर्षं बसली. रोजचे भाव घ्यायचे तर बाजार वर्षात सुमारे २५० दिवस उघडा असतो, दोन-अडीच महिन्यांतच जागा संपते. पडदा एका ओळीचा, टाकलेलं गणित मागे जाऊन पाहता येत नाही. बाणाचं बटण फक्त शेवटचा अंक पुसतं. त्यामुळे रोजच्या व्होलॅटिलिटीसाठी हे यंत्र घेणं म्हणजे चमच्याने विहीर उपसणं. तिथे स्प्रेडशीटच. पण स्प्रेडशीटमध्येही एक खड्डा आहे : एक्सेलमध्ये ‘एलएन’ आणि ‘लॉग’ ही वेगळी फंक्शनं, आणि ‘लॉग’ काही न सांगता दहाचा पाया धरतं. ‘लॉग रिटर्न’ या नावाला भुलून ते वापरलं की १०५ ला ४.८८ ऐवजी २.१२ टक्के येतात. कॅसिओच्या सायंटिफिकवर दोन्ही बटणं असतात, तिथेही हीच गफलत होते. बीए टू प्लसवर दहाच्या पायाचं बटणच नाही. उणीव म्हणा, पण या कामापुरती ती सोय आहे.

कॅसिओचा एफएक्स-९९१ ईएस प्लस इंजिनिअरिंगच्या कित्येक घरांत पडलेला असतो. त्यावर एलएन दाबलं की पडद्यावर कंस उघडतो, आत पूर्ण भागाकार लिहायचा, त्यामुळे ‘बरोबर’ विसरण्याची भानगडच नाही. टाकलेलं गणित वर दिसतं, सुधारता येतं. किंमतही बीए टू प्लसपेक्षा बरीच कमी. सीएफए द्यायची नसेल आणि हप्ते-बाँडच्या बटणांची गरज नसेल, तर केवळ लॉग परताव्यासाठी कॅसिओच घ्यावा. इथे टेक्सासची बाजू लढवण्यात अर्थ नाही.

एचपी ट्वेल्व्ह-सी १९८१ पासून बाजारात आहे आणि त्याला ‘बरोबर’चं बटणच नाही. १०५, एंटर, १००, भागिले, मग निळं ‘जी’ आणि टक्के-टी. हात बसला की यापेक्षा वेगवान काही नाही. तो आकडे साठवत नाही, फक्त त्यांच्या बेरजा आणि वर्गांच्या बेरजा जपतो. म्हणून त्यात २५० दिवस घालता येतात, पण घातलेला १३७ वा आकडा बरोबर होता का, हे पुन्हा बघता येत नाही. बीए टू प्लसमध्ये मागे जाऊन प्रत्येक ‘एक्स’ तपासता येतो. ५० आकडे तपासता येणं की २५० न तपासता येणं, निवड आपली.

सीएच्या परीक्षेत यांतलं काहीच चालत नाही. तिथे सहापेक्षा जास्त फंक्शन नसलेला, १२ अंकी, दोन मेमरींचा साधा कॅल्क्युलेटरच न्यावा लागतो. त्यावर एलएन नाही, पण वर्गमूळ असतं आणि तेवढं पुरतं. गुणोत्तर टाका, वर्गमूळ १२ वेळा दाबा, १ वजा करा, ४०९६ ने गुणा. १.०५ ला उत्तर ०.०४८७९ येतं, पाच दशांशांपर्यंत चोख. १.६८ सारख्या मोठ्या गुणोत्तराला पाचव्या दशांशात तीनाचा फरक पडतो, तो चालतो. उलट जायचं तर ४०९६ ने भागून १ मिळवा आणि गुणिले-बरोबर ही जोडी १२ वेळा. मोजताना चुकू नये म्हणून तीन-तीनच्या चार फेऱ्या कराव्यात. वीस वेळा वर्गमूळ घेतलं तर उत्तर अजून अचूक येईल असं वाटतं, पण होतं उलटंच. १ च्या पुढची शून्यं वाढत जातात, १२ अंकांच्या पडद्यावर कामाचे अंक उरत नाहीत, आणि जे कापले गेले ते दहा लाखांनी गुणून परत येतात.

बीए टू प्लसच्या साध्या मॉडेलला सीआर २०३२ ही नाण्यासारखी बॅटरी लागते, घड्याळाच्या कुठल्याही दुकानात मिळते. सौर पट्टी नाही. बॅटरी बदलली की सगळी सेटिंग पुसली जातात : पुन्हा दोन दशांश, पुन्हा अमेरिकन तारखा, पुन्हा चेन. परीक्षेच्या आदल्या रात्री बदलणाऱ्यांनी फॉरमॅटची फेरी पुन्हा मारावी. महागड्या प्रोफेशनल मॉडेलमध्ये पेबॅक, मॉडिफाइड ड्युरेशन वगैरे जास्तीचं मिळतं, लॉगच्या कामात मात्र दोन्ही सारखेच, तेव्हा यासाठी वरचे पैसे घालू नयेत.

जुना घेत असाल तर विकणाऱ्यासमोर एवढं करून बघा. सेकंड-फॉरमॅटमध्ये ९ टाकून बाहेर या, २ दाबा, सेकंड, एलएन. ७.३८९०५६०९९ आलं पाहिजे. लगेच नुसतं एलएन, आणि २ परत. मग १ ते ९ प्रत्येक अंक दोन-दोनदा दाबून पडद्यावर तो खरंच दोनदाच उमटतो का ते पाहा.